ओळखीची ऊब

“बाई, आमच्या घरचं कुणी कधी येणार?” भालचंद्ररावांनी समोर बसलेल्या कुमुदताईंना, आपल्या बायकोलाच, अदबीने विचारलं.

अपघातानंतर बायकोचा चेहरा त्यांना नीट दिसे, पण तो पाहून मनात ऊब दाटत नसे. म्हणून ही बायकोसारखी दिसणारी कुणी परकी बाई, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दवाखान्यात त्यांच्या डोक्यावर चढवलेली जाळीदार टोपी चेहरा आणि माया यांचा तुटलेला धागा पुन्हा जोडू शकत होती. मात्र तो चेहरा समोर असताना माया एकदा तरी जागी व्हायला हवी होती. तसं झालं की टोपीवरचा दिवा लागणार होता. उपचाराची आजची बैठक शेवटची होती.

“प्रेमाने बोला,” असं डॉक्टर सबनीसांनी बजावल्यापासून कुमुदताई अगदी मधाळ बोलत होत्या.

“थोडा शिरा घेता का?”

“नको, बाई. तुम्हाला उगाच त्रास.”

दिवा विझलेलाच राहिला. भालचंद्ररावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

“अहो, आणा तो इकडे!” कुमुदताईंचा संयम सुटला. “चरे पाडून ठेवायचे आणि पेपर दिसत नाही म्हणून माझ्या नावाने ओरडायचं! सांगून सांगून जन्म गेला माझा!”

भालचंद्ररावांनी दचकून वर पाहिलं. दिवा लागला.

डॉक्टरांनी ‘थांबू नका’ अशी खूण केली, तशा कुमुदताई उठून पुढे आल्या. त्यांनी चष्मा पदराने पुसून नवऱ्याच्या नाकावर ठेवला.

“कुठे होतीस गं इतके दिवस?” भालचंद्रराव म्हणाले. “ती बाई इतकं गोड बोलायची, मला भीतीच वाटायला लागली होती.”