टेरेसाचं विमान चुकलं

लंडनला निघालेल्या टेरेसाचं बहारीनमध्ये पुढचं विमान चुकलं. विमान कंपनीने तिला एअरपोर्टजवळच्या हॉटेलात उतरवलं, आणि काउंटरवर ड्युटीला असलेल्या माझ्या नवऱ्याने, डॉमनिकने, शिफ्ट संपताच तिला गाडीत घालून फिरवायला नेलं. ही टेरेसा आमच्या वसईचीच. माझ्याआधी तिचंच स्थळ त्याला सांगून आलं होतं.

संध्याकाळी तो तिला आमच्याकडे जेवायला घेऊन आला. मी सुरमई तळत होते आणि ती सांगत होती, "नशीबवान गं तू, आल्बिना! किल्ला बघितला, समुद्रात सौदीचा पूल बांधतायत तो बघितला. आणि ते वाळवंटातलं एकटं झाड! पाण्यावाचून कसं जगत असेल गं ते?"

"ते मला विचार," मी म्हटलं. तिला वाटलं, मी ते झाड नेहमी बघते.

बहारीनमधल्या सहा वर्षांत मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. कधीही विषय काढला की डॉमनिकचं ठरलेलं, "तिथे आहे काय? नुसती वाळू."

ती गेल्यावर मी त्याला धारेवर धरलंच.

"अगं, विमान चुकलेल्या माणसाला हॉटेलात एकटं कसं ठेवायचं?" तो म्हणाला. "तू काय, इथेच असतेस."

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलो, तसा तो सोफ्यावर आडवा झाला. मी चर्चचा ड्रेस बदललाच नाही. कपाटावरची बॅग काढली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

त्याने दार उघडलं.

"माझं विमान चुकलंय," मी म्हटलं.