तीन बोटं

"अंगठा काढा, सिस्टर," वडील म्हणाले.

तिनं चटकन हात मागे घेतला. नर्सिंगचा डिप्लोमा पदरात, वर डिग्रीचं शेवटचं वर्ष चालू, आणि चूक कुठली, तर पहिल्या आठवड्यातली! वडिलांना तेवढंच हवं होतं.

"नाडी बघायची ती तीन बोटांनी. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. पेशंटचा म्हणून आपलाच मोजत बसाल. कोणी शिकवलं मला हे?"

"मीच शिकवलं. आता गप्प बसा, मोजू दे."

"पेशंटशी असं बोलतात होय? परीक्षेत मार्क कापतील."

प्रॅक्टिकल आठ दिवसांवर आलं होतं. पेशंट घरचाच होता, पाच वर्षांपासूनचा. हृदयविकाराचे दोन झटके येऊन गेल्यावर त्यांनी दुकानातलं शिलाईमशीन विकलं आणि या खुर्चीत मुक्काम ठोकला. तेव्हापासून बँडेजं बांधून घ्यायची, थर्मामीटर तोंडात धरायचा आणि चुका काढायच्या, हाच त्यांचा धंदा. ती मात्र आज सारखी टेबलावरच्या फोनकडे बघत होती. चारला दहाव्या हॉस्पिटलच्या मेट्रन नोकरीसाठी फोन करणार होत्या.

"किती?" वडिलांनी विचारलं.

"बासष्ट."

"म्हणजे मी ठीक आहे. तूच धडधडतेयस."

धडधडणार नाही तर काय. नऊ हॉस्पिटलं झाली होती आणि नऊही ठिकाणी तोच नन्नाचा पाढा: अनुभव आणा, मग या. नोकरीशिवाय अनुभव कुठल्या दुकानात मिळतो ते मात्र एकानंही सांगितलं नव्हतं.

"माझं नाव सांग की," वडील म्हणाले. "पाच वर्षं तुझ्या हाताखाली आहे आणि अजून जिवंत आहे. याहून मोठा दाखला कुठला पाहिजे त्यांना?"

"जरा शुभ बोलत जा हो!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

वडील हसले आणि खुंटीकडे बघत राहिले. तिथे त्यांनी मशीन विकायच्या आदल्या दिवशी शिवलेला पांढरा युनिफॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकत होता. शेवटचा कपडा. प्रत्येक हॉस्पिटलचा युनिफॉर्म वेगळा असतो, असं तिनं शंभरदा सांगून झालं होतं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे: उसवून परत शिवीन, हातशिलाई करीन, पण तुला तो घालून ड्युटीवर जाताना एकदा बघायचंय मला. एकदाच.

फोन वाजला. वडिलांनी नाडीसाठी उताणा ठेवलेला हात तसाच ठेवून मानेनं खुणावलं, जा. ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं.

मेट्रनचा आवाज कोरडा होता. "अनुभव किती?"

"नाही, मॅडम. काहीच नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आज सकाळपासून सगळ्यांनी दोन-दोन वर्षं सांगितलीत. खरं बोललेल्या तुम्ही पहिल्याच. डिग्रीच्या क्लासला सुट्टी मागणार?"

"क्लास संध्याकाळी असतो. ड्युटी बुडवणार नाही."

"मग पहिल्या तारखेला या. सकाळी सात म्हणजे सात. आमचा युनिफॉर्म साधा पांढरा आहे. घरी असेल तर तोच चालेल."

सगळं मिळून चार मिनिटं. दार ढकलून ती नाचतच आत आली.

"बाबा, मिळाली! आणि तुमचाच युनिफॉर्म चालतोय! उसवायला नको!"

वडील डोळे मिटून होते. हात खुर्चीवर होता तसाच, उताणा. पाच वर्षांत त्यांनी मेल्याचं सोंग किती वेळा केलं असेल, त्याला गणती नव्हती.

"पुरे आता नाटक," ती म्हणाली. "बाबा. पुरे म्हणते ना."

मग तिनं त्यांना खुर्चीतून ओढून जमिनीवर घेतलं आणि छाती दाबायला लागली. आई खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे अनवाणी धावली. ते येईपर्यंत ती थांबली नाही. शिकवलं होतं तसंच करत होती, कोपर ताठ ठेवून, मोठ्यानं मोजत. डॉक्टरांनी तिला बाजूला केलं, स्वतः दाबून पाहिलं, स्टेथोस्कोप लावला, डोळ्यांत टॉर्च मारला. बराच वेळ लावला त्यांनी. शेवटी स्टेथोस्कोप काढून ते आईकडे वळले.

"गेले."

"नाही," ती म्हणाली. तिनं वडिलांचं मनगट धरलं होतं. "नाडी आहे. चांगली आहे. बघा ना डॉक्टर, आहे!"

आईनं डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "ती म्हणतेय ना आहे म्हणून! परत बघा. ती शिकलीय, तिला कळतं."

डॉक्टरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. तिची बोटं मनगटाखाली होती. वर अंगठा होता, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला.

बॅग बंद करून ते तिथेच जमिनीवर बसले. तिनं त्यांची नजर पाहिली, मग आपला हात पाहिला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"किती आहे गं?" आईनं विचारलं.

"एकशेतीस," ती म्हणाली, आणि अंगठा तसाच ठेवला.