शेवटचा डोंगर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. माघातलं ऊन आहे. पाठीवर सॅक, टाचांना फोड. माहुली किल्ल्यापासून डोंगरामागून डोंगर तुडवत तुम्ही सहा दिवस चालत आला आहात. आता एकच डोंगर उरलाय. त्याच्या पलीकडे विरारचं चंदनसार. तिथे मांडव घातलाय, आईबाबा येऊन बसलेत आणि प्रमाणपत्रं तयार आहेत.

अकरा वर्षांची आर्या मोहिमेतल्या बाकी मुलांबरोबर त्या डोंगराच्या पायथ्याशी उभी होती. समोर टेम्पो होता.

"बसा पटापट," मोहिमेचे प्रमुख सुमेध सर म्हणाले. "चारला पाहुणे येणार. चालत गेलो तर सहा वाजतील."

"पण सर, मोहिमेच्या फलकावर 'संपूर्ण पायी' लिहिलंय," आर्या म्हणाली.

"एवढंसं राहिलं तर कोण विचारतंय? आणि थांबा, बूट असे नकोत. फोटोत धूळ दिसत नाही."

सरांनी कॅनमधलं पाणी मातीत ओतलं. मुलांना काय, गंमतच! त्यांनी चिखल कालवला आणि एकमेकांच्या बुटांना, पँटींना थापला. निर्मळ गावच्या फेबियनने तर गालावरही पट्टा ओढून घेतला. आर्याच्या बुटांना सरांनी स्वतः चिखल लावला. सहा दिवसांची खरी धूळ त्या खोट्या चिखलाखाली गेली.

डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी हे बघत थांबली. यमुनाबाई तिचं नाव. लाकडं विकायला ती रोज हाच डोंगर ओलांडून चंदनसारला जायची.

"पाऊस नाय, पानी नाय," ती म्हणाली. "यो चिखल कुठला रं लागला?"

"मोहीम आहे मावशी," सर हसले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी. तुम्हाला नाही कळायचं."

"मंग यो डोंगर कोन चालनार?"

यमुनाबाई त्या कालवलेल्या चिखलात पचकन थुंकली.

"ऱ्हाऊ द्या. मी चालते तुमच्या वाटचा."

ती वाटेला लागली. मुलं टेम्पोत चढली. आर्याची सॅकही कोणीतरी वर घेतली.

"उशिरा येईल त्याला प्रमाणपत्र नाही," सर तिच्याकडे न बघता म्हणाले.

"बस ना गं," फेबियन वरून कुजबुजला. "तिथे आईस्क्रीम पण आहे."

टेम्पो सुरू झाला. आर्याने हात वर करून आपली सॅक खाली ओढली. बाजूच्या दगडावर एकेक बूट घासून तिने चिखल काढला, अगदी टाचेपर्यंत. मग ती मोळीच्या मागे चढू लागली.