आखूड सुई

"लांब सुई घ्या, इन्शिराहबाई," पडद्यापलीकडून डॉक्टर वजीह म्हणाले. "हाज्जा नईमा चांगल्या भरलेल्या आहेत."

डॉक्टर नवे, कैरोहून आलेले, आणि पुस्तकाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. जाड माणसाला आखूड सुई दिली की औषध चरबीतच अडतं, गाठ होते. पण गावच्या या दवाखान्यात तीस वर्षं इंजेक्शनं टोचणाऱ्या इन्शिराहने मांस चिमटीत धरून पाहिल्याशिवाय आजवर एकही सुई निवडली नव्हती.

बाहेर बाकावर हाज्जा नईमाचा मुलगा शौकी बसला होता, कुवेतहून सुट्टीवर आलेला. आई धडधाकट दिसली नाही तर परत जाणार नाही, असं त्याने आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. आता तो निश्चिंत होता. शनिवारी विमान, त्याआधी आईच्या गुडघेदुखीवर एक इंजेक्शन तेवढं द्यायचं राहिलं होतं.

हाज्जाने काळा झगा वर केला. आत जाड गलाबिया, पायघोळ अंगरख्यासारखी. तिच्या आत आणखी एक. तिच्या आत लोकरीची. कांदा सोलावा तशी इन्शिराह सोलत गेली आणि शेवटी तिच्या चिमटीत आलं ते नुसतं कातडं. लांब सुई इथे थेट हाडावर जाऊन आदळली असती.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"उन्हाळ्यापासून. अन्नच जात नाही." हाज्जाने तिचं मनगट धरलं. "त्याला एक शब्द बोलू नकोस. नबीची शपथ आहे तुला. तो थांबला तर अशी नोकरी पुन्हा मिळायची नाही."

इन्शिराहने लांब सुई बाजूला ठेवली, आखूड उचलली. टोचलंस का, असं हाज्जाने विचारलं तेव्हा ती कापूस दाबत होती. असा हलका हात मागून मिळत नाही. मग तिने तिन्ही गलाबिया एकेक करून नीट खाली ओढल्या, वर झगा सारखा केला आणि पडदा सारला.

लांबच सुई लागली असेल ना, शौकीने हसत विचारलं. घरचं तूप मानवलंय आईला.

"जी लागायची तीच लागली," इन्शिराह हात धूत म्हणाली. शपथ तिने मोडली नाही. एवढंच म्हणाली, "आज पायावर जोर द्यायचा नाही तिने. टुकटुक रिक्षापर्यंत उचलून ने."

हाज्जा नको नको म्हणत मागे सरली. चालते की मी, म्हणाली. इन्शिराहकडे तिने जळजळीत पाहिलं.

शौकीने बाह्या सारल्या, पाय रोवले, छाती भरून श्वास घेतला आणि आईला उचललं. इतक्या जोरात, की ती त्याच्या खांद्याच्याही वर गेली. तिला तशीच वर धरून तो उभा राहिला.