उसनं वाचन

चारुशीलाने कपाळावरची पट्टी काढली, तेव्हा ती गालात हसत होती. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजचं ग्रंथालय आता पुस्तकांऐवजी दुसऱ्याने केलेलं वाचन घरपोच देई. पट्टी बांधली की त्या वाचकाला जे समजलं, जे वाटलं, ते जसंच्या तसं मनात उतरे.

"पुन्हा त्याच वाचकाचं?" तिचा नवरा गजेंद्र म्हणाला.

"हो. शेवाळाबद्दलसुद्धा किती मायेनं वाचतो तो!"

गजेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. वाचकांची नावं ग्रंथालय सांगत नसे, नुसते क्रमांक देई. अखेर तो स्वतःच कॉलेजात गेला. वाचन टिपणारी पट्टी बांधून वनस्पतिशास्त्राचं तेच पुस्तक त्याने महिनाभर वाचलं आणि आपलं वाचन गुपचूप जमा केलं.

यादीत त्याच पुस्तकाचं नवं वाचन दिसलं म्हणून चारुशीलाने ते मागवलं, त्या संध्याकाळी तो तिच्यासमोरच बसून राहिला. थोड्याच वेळात तिने पट्टी उतरवली. तिचे डोळे भरून आले होते.

"कोण असेल रे हा? शेवाळ कुठेच नाही, पानोपानी नुसता जळफळाट. बायको हातची जाईल म्हणून घाबरलाय बिचारा."

"मग?"

"मग काय, परत करते. त्याच्या बायकोला कळायला हवं हे, मला कळून काय उपयोग?"

तिने डोळे पुसले, पट्टी पुन्हा बांधली आणि त्या जुन्याच वाचकाचा पुढचा धडा मागवला.