समांतर जोडणीतले दोन दिवे

"यातला एक दिवा काढला, तर दुसऱ्याचं काय होईल?" बाहेरून आलेले परीक्षक हेनिंग यांनी विचारलं.

टेबलावर समांतर जोडणीतले दोन छोटे दिवे जळत होते. टिल्डेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "तोही विझेल."

शेजारी बसलेल्या बोडिलला हे चुकीचं उत्तर खरंच वाटेना. टिल्डेला तीन वर्षं तिनंच भौतिकशास्त्र शिकवलं होतं. ही पोरगी वर्गात इतरांच्या परिपथांतल्या चुका चुटकीसरशी शोधून द्यायची. बोडिलनं आडून आडून सुचवून पाहिलं, पण टिल्डेनं अमीटरही एकसर जोडायचा सोडून समांतर जोडला. रात्र रात्र आजारी बापाच्या उशाशी बसणाऱ्या पोरीचं डोकं ठिकाणावर कसं राहणार?

तो बाप, स्वेन, दाराबाहेर चाकांच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर शाळा संपल्याची पांढरी टोपी. शेवटच्या तोंडी परीक्षेतून पोर पास होऊन बाहेर आलं, की घरच्यांनी ती त्याच्या डोक्यावर चढवायची, ही डेन्मार्कची रीतच. स्वेनला टिल्डेशिवाय कुणी नव्हतं. डॉक्टरांनी दिलेली मुदत ईस्टरलाच संपली होती. पण गडी हट्टी. आज दाढीसुद्धा स्वतःच्या हातानं करून आला होता.

टिल्डेला बाहेर पाठवून दोघं गुण ठरवायला बसले. हेनिंग म्हणाले, शून्यच. बाकीचे विषय जेमतेम काठावर होते, म्हणजे इथं शून्य मिळालं की सगळंच गेलं. तिनं डिसेंबरात पुन्हा बसावं, असं त्यांचं मत पडलं.

बोडिलनं आजवर कुणासाठी शब्द टाकला नव्हता. आज टाकला.

"डिसेंबरपर्यंत तो माणूस राहायचा नाही हो. लेकीच्या डोक्यावर टोपी तरी घालू दे त्याला."

हेनिंग यांनी पेन उचललं. मग त्यांनी दोन गुण लिहिले, पास होण्यापुरते.

बोडिलनं टिल्डेला आत घेतलं, दार लावलं आणि पास झाल्याचं सांगितलं. टिल्डे मटकन खुर्चीत बसली. आनंदानं असेल, असं वाटून बोडिलनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. जा आता, बाबा वाट बघतायत, असंही म्हणाली.

टिल्डे उठेना.

"मला शून्य द्या ना," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर टोपी घातल्याशिवाय जाणार नाही, असं वचन दिलंय बाबांनी मला."