कार्डाची मागची बाजू

धुरपताबाईंनी पिशवीतून एक जुनं आंतर्देशीय पत्र काढलं आणि कीबोर्डच्या शेजारी ठेवलं. उघडलं नाही. पाठवणाऱ्याच्या जागी पेनानं लिहिलेला नंबर तेवढा बोटानं दाखवला.

"ह्यो माझ्या वैजनाथचा फौजेतला नंबर. ह्याच्यावर सापडंल, असं तुझी आई म्हणली."

धम्मप्रियानं मागं वळून पाहिलं. शिल्पा मॅडम केबिनमध्ये फोनवर होत्या. लातूरच्या बार्शी रोडवर, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत अकरा जणी लढायांमधली दवाखान्याची जुनी कार्डं संगणकात भरत होत्या. जखमी सैनिक किती वेळात डॉक्टरापुढं पोचला तर वाचतो, याचं कुठंतरी संशोधन चाललं होतं. कार्डावरची नावं काळ्या पट्टीखाली झाकलेली, नंबर तेवढे राहू दिलेले. भरलेलं कार्ड पुन्हा उघडायचं नाही, आणि बाहेरच्या माणसाला तर दाखवायचंच नाही, असा नियम होता. सुट्टीत माहेरी गेली तेव्हा धम्मप्रिया आईजवळ कामाचं बोलली होती. लोह्याजवळच्या त्या गावात बोलणं फिरत फिरत धुरपताबाईंपर्यंत गेलं, आणि आज त्या पहिल्या गाडीनं, अहमदपूरला बदलून, एकट्याच आल्या होत्या.

"काकू, आम्हाला सांगायची परवानगी न्हाई."

"कागद नको मला. एकच इचारायचंय." धुरपताबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "सायेब म्हणले, पोरगा जागीच गेला, तरास झाला न्हाई. अन् पेटीसंगं आलेला त्याचा सोबती म्हणला, लई पाणी मागत व्हता. जागीच गेलेला माणूस पाणी मागतो का, माय?"

धम्मप्रियानं कीबोर्ड जवळ ओढला.

"पंचवीस वर्सं झाली. म्हातारा बी हेच इचारत इचारत गेला. त्याला पाणी दिलं का कुनी, एवढंच सांग."

धम्मप्रियानं नंबर टाकला. एकच कार्ड आलं. जखम: पोट, कोड ०४. कारण: बॉम्बचा तुकडा, कोड ०२. निकाल: मृत्यू. खाली बारीक अक्षरात, नोंद करणारी: धम्मप्रिया. तारीख फेब्रुवारीतली. भरायला लागलेला वेळ दोन मिनिटं दहा सेकंद.

तिनं आठवून पाहिलं. त्या दिवशी एकशे चाळीस कार्डं झाली होती. पोटाची किती, छातीची किती, काहीच आठवेना. वाईटही वाटेना.

तिनं मूळ कार्डाचा फोटो उघडला.

"जागीच न्हाई गेले, काकू. पहाटे पाच चाळीसला लागलं. डोंगरावरून खाली आणायला दुपारचा एक वाजून गेला. संध्याकाळी सहा वीसला गेले."

धुरपताबाईंनी मान हलवली. जणू हे त्यांना ठाऊकच होतं.

"शुद्धीत व्हता?"

"हाव."

कार्डाच्या मागच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं. ते भरायला संगणकात रकानाच नव्हता, म्हणून मागची बाजू कोणी उघडत नसे. अक्षर डॉक्टरचं नव्हतं. इंग्रजीतलं ते ती सावकाश मराठीत सांगू लागली.

"दीड वाजता. पाणी मागतो. पोटाची जखम, पाणी देऊ नये. ओल्या कापसानं ओठ ओले केले. दोन वाजता. पाणी मागतो. ओठ ओले केले. अडीच वाजता. पाणी मागतो. ओठ ओले केले."

ती थांबली.

"हाय का फुडं?"

"हाय."

"मग वाच की."

तिनं तीनचं वाचलं, साडेतीनचं वाचलं, चारचं वाचलं. त्याच्या पुढं 'पाणी मागतो' नव्हतं, नुसतं 'ओठ ओले केले' होतं. साडेचार. पाच. साडेपाच. सहा. तिचा आवाज नंबर वाचताना लागतो तसाच, सपाट लागत होता. बाजूच्या मुलींच्या कीबोर्डचा आवाज बंद झाला होता.

धुरपताबाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. "धा येळा," त्या म्हणाल्या. "कुनाचा हात व्हता, लिवलंय का?"

"नाव झाकलंय, काकू."

"असू दे. कुनाचं तरी लेकरू असंल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. डोळे कोरडेच होते.

शिल्पा मॅडम केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी आधी म्हाताऱ्या बाईकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं.

"पुन्हा उघडलेलं कार्ड वरच्या ऑफिसात दिसतं, धम्मप्रिया. उद्या मला विचारतील."

"माझं नाव सांगा, मॅडम."

"मॅडम, पोरीला बोलू नका. मीच हट्ट केला," धुरपताबाई म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या, "यांना खाली रिक्षापर्यंत सोडून ये," आणि केबिनमध्ये गेल्या.

जिना उतरताना धुरपताबाई कठड्याला धरून एकेक पायरी घेत होत्या. पत्र पुन्हा पिशवीत गेलं होतं. मधल्या वळणावर त्या थांबल्या.

"पाणी दिलं असतं तर काय झालं असतं?"

"पोटात जखम असली की पाण्यानं माणूस जातो, काकू. वाचवायचं व्हतं त्यांना. म्हणून दिलं न्हाई."

धुरपताबाईंनी ते ऐकून घेतलं. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"मी असते तर दिलं असतं," त्या म्हणाल्या, आणि पुढची पायरी उतरल्या.